अर्धी राहिलेली टाळी

मी, सिरिल बावतीस तुस्कानो, वय वर्षे एकाहत्तर, मूळ राहणार भुईगाव, तालुका वसई, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, अल कुसैस, दुबई, हॉटेलाच्या बँक्वेट विभागातून कॅप्टन म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका हृदयाबद्दल आहे, आणि डॉक्टर पुढच्या महिन्यात ते उघडून बघणार आहेत. लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या वेळी घरात दुसरे कोणी नाहीच. इथल्या बँकेतल्या शिलकेबद्दल वकिलाने इंग्रजीत वेगळा कागद केला आहे. त्या कागदात पैसे नीट बसले, माणसे काही बसली नाहीत. म्हणून हा मराठीत. यापूर्वी मराठीत असे काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. भुईगावचे घर आणि भोवतालची केळीची वाडी माझा एकुलता एक मुलगा विन्स्टन याला. त्याने ती विकू नये असे मी लिहिणार होतो. पण मेलेल्या माणसाने जिवंत माणसाच्या किल्ल्या अडकवून ठेवू नयेत. फक्त त्याच्या आईचा, माझ्या जोसेफिनचा, ओट्यावरचा फोटो घर विकत घेणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये. फोटोत ती माझ्यावर रागावलेली आहे, आणि कारण रास्त होते.

कलम २. वाडीतल्या विहिरीतला माझा अर्धा हिस्सा माझा धाकटा भाऊ क्रिस्टोफर याला. यावर गावात भुवया उंचावतील, कारण आम्ही दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलतो हे सर्वांना ठाऊक आहे. का, ते मात्र ठाऊक नाही. मी सतरा वर्षांचा असताना चर्चच्या सणाला मंडपात व्हायोलिन वाजवायला उभा राहिलो. वडील लग्नांच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांचेच व्हायोलिन. दुसऱ्या गाण्याला मागच्या बाकांवरून एका ठेक्यात टाळ्या सुरू झाल्या. सावकाश, सगळ्यांच्या एकदम. आमच्याकडे त्या टाळीचा अर्थ एकच: पुरे झाले, उतर खाली. मी उतरलो, आणि पुन्हा कधी लोकांसमोर वाजवले नाही. ती टाळी कोणी सुरू केली ते मी स्टेजवरून पाहिले होते. क्रिस्टोफर, तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास आणि तुला फक्त गंमत करायची होती, हे मला आता कळते. विहीर घे आणि पंप दुरुस्त कर.

कलम ३. माझा काळा कोट, पांढरे हातमोजे आणि इतर युनिफॉर्म कोणालाही द्यावा. बाटलीचे बूच काढायचा माझा स्क्रू मात्र श्री. लास्लो साबो यांना पोस्टाने पाठवावा. सोबत काही लिहू नये. हे गृहस्थ कोण ते पुढे येईल. बँक्वेटमध्ये असताना मी भिंतीला पाठ लावून उभा असायचो आणि नुसत्या टाळ्यांवरून सांगायचो, भाषण आवडले की जेवणाची घाई झाली आहे, पाहुणे अजून तासभर बसतील की आता बिर्याणी काढायची. माझे सहसा चुकायचे नाही. पोरे म्हणायची, कॅप्टनसाबको कानसे दिखता है. या गोष्टीचा मला फार माज होता. तो आता राहिलेला नाही, त्यामुळे तो कोणाला वाटून देता येत नाही.

कलम ४. वडिलांचे व्हायोलिन माझी नात झोफिया जोसेफिन तुस्कानो, वय बारा, हिला. ही विन्स्टन आणि त्याची हंगेरियन बायको रेका यांची मुलगी. घरात तिला झोफी म्हणतात. व्हायोलिन गेली काही वर्षे तिच्याकडेच आहे, ते फक्त कागदावर यावे.

पण नुसते एवढे लिहून मला पुढे जाता येत नाही.

दुबईतले हंगेरियन लोक मूठभर. शनिवारी एका शाळेच्या खोल्या भाड्याने घेऊन ते मुलांना आपली भाषा, गाणी आणि नाच शिकवतात. मुली डोक्यावर भरलेली बाटली ठेवून नाचतात आणि बाटली हलत नाही. मी जन्मभर ट्रेवरून बाटल्या नेल्या आहेत, हे सोपे नाही हे मी सांगू शकतो. दरवर्षी मे महिन्यात त्यांचा कार्यक्रम होतो. त्यात ज्यांचे चांगले होते ती मुले उन्हाळ्यात बुडापेस्टच्या महोत्सवाला जातात. या मुलांचे त्या लोकांना इतके कौतुक, की ज्यांना स्वतःची मुले नाहीत तेसुद्धा पुढच्या रांगेसाठी भांडतात. वरचे लास्लो साबो हे त्यांच्यातले वडीलधारे, निवृत्त इंजिनियर. ते झोफीला नेहमी ‘आमची झोफी’ म्हणायचे. मला ते खुपायचे. मुलीचा रंग बापाचा, आडनाव वसईचे. हे गोरे लोक तोंडावर गोड बोलतात, वेळ आली की दाखवतील, असे मी मनात धरून बसलो होतो. त्यांनी तसे कधी काही दाखवले नव्हते. पण मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्यातली गत.

गेल्या वर्षी झोफी पहिल्यांदा एकटी वाजवणार होती. मी माझा जुना मित्र भानुदास आणि सुलभावहिनी यांना मुद्दाम बरोबर नेले, नात मिरवायला. तिने फार सुंदर वाजवले. मी हॉटेलात पुष्कळ वाजवणारे ऐकले आहेत, आजोबा म्हणून हे लिहीत नाही. ती थांबली तेव्हा आधी टाळ्या नेहमीसारख्या आल्या, कोणाच्या भराभर, कोणाच्या सावकाश. मग त्या हळूहळू एक झाल्या. अख्खा हॉल एका ठेक्यात. ठप. ठप. ठप.

मी त्या क्षणी दुबईत नव्हतो, भुईगावच्या मंडपात होतो.

मी उठून ओरडलो, “बस करो! शेम ऑन यू! बच्ची है वो!” स्टेजवर चढलो आणि झोफीचा दंड धरला. “चल घरी. यांना वाजवून दाखवायची काही गरज नाही.” तिच्या हातातला व्हायोलिनचा गज खाली पडला आणि माझ्या बुटाखाली येऊन मोडला. तो आवाज सगळ्या हॉलने ऐकला, कारण तोवर टाळ्या थांबल्या होत्या. रेका धावत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “पापा, दे आर आस्किंग फॉर मोअर. दे लव्ह हर.”

त्यांच्या भाषेत तिला लोखंडी टाळी म्हणतात. कलाकार मनापासून आवडला की सगळा हॉल आपोआप एका ठेक्यात येतो; म्हणजे आणखी एकदा वाजव, आम्ही तुला सोडत नाही. त्यांच्याकडे यापेक्षा मोठा मान नाही, आणि बारा वर्षांच्या आतल्या पोरीला तो क्वचितच मिळतो. कानांनी पाहणाऱ्या कॅप्टनने तो मान पायाखाली घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी किचनच्या दाराने बाहेर पडलो. पाहुण्यांच्या दाराने जायची माझी लायकी नव्हती, आणि सवयही नव्हती.

झोफी त्या वेळी स्टेजवर हसत होती. हे मला नंतर व्हिडिओत दिसले. मी तिचा दंड धरेपर्यंत ती हसत होती.

तेव्हापासून मी त्या लोकांपैकी कोणाच्या समोर गेलेलो नाही. सुपरमार्केटमध्ये कोणी हंगेरियन बोलताना ऐकले की मी तांदळाच्या पोत्यांकडे वळतो. झोफी म्हणते, “इट्स ओके, ग्रॅन्पा. यू डिडन्ट नो.” ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. येत्या शनिवारी यंदाचा कार्यक्रम आहे. त्यात वाजवले तर ती बुडापेस्टला जाईल, नाहीतर तिची जागा दुसऱ्या मुलाला मिळेल. आणि ती हटून बसली आहे: “इफ ग्रॅन्पा इज नॉट कमिंग, आय अ‍ॅम नॉट प्लेइंग.” मी सांगितले आहे की मी आलो तर लोक तुला नाही, मला बघतील. विन्स्टन म्हणाला, “पप्पा, हिला तुम्ही एकदा स्टेजवरून उतरवलंत. आता घरी बसून दुसऱ्यांदा उतरवताय.” मुलगा खरे बोलला की बापाला राग येतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

कलम ५. इंदियाल, म्हणजे आमच्याकडचे सणाचे मसालेदार मटण, शिजवायचे माझे मोठे पितळी पातेले भानुदासला. ते त्याने नाताळला नेले होते आणि अजून त्याच्याकडेच आहे, म्हणजे देण्यासारखे फक्त मन राहिले आहे, तेही देतो. भानुदासने झोफीचे वाजवणे कौतुकाने फोनवर घेतले, त्यात पुढचा तमाशाही आला, आणि तो त्याने आमच्या सगळ्या ओळखीच्या लोकांना पाठवला. वर लिहिले, “आपला सिरिल, फुल ॲक्शन!” करामाच्या खानावळीत वेटर मला बघून हसले. भानुदास, तू दुष्ट नाहीस. तुला पातेले आणि गोष्ट, दोन्ही परत करायला सुचत नाही, एवढेच.

कलम ६. माझ्या कपाटात, कोटाच्या मागे, लांब डब्यात नवा गज आहे. मोडलेल्याच्या बदली मी तो गेल्या वर्षी जूनमध्येच आणला. तेव्हापासून झोफी व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडून मागून आणलेल्या गजाने वाजवते आहे. हा तिच्या हातात द्यायचे धैर्य मला झाले नाही. माझ्या मृत्यूनंतर तो तिला द्यावा.

कलम ७. माझ्या मृत्यूची बातमी हंगेरियन मंडळींना कळवू नये. चर्चमधल्या मिस्सेला किंवा मातीला त्यांना बोलावू नये. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला त्यांना तोंड दाखवायला जागा नाही, आणि शवपेटीला झाकण असले तरी मला ते चालणार नाही.

येथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीदार आले. एक सुलभावहिनी, त्यांना मीच बोलावले होते. दुसरा साक्षीदार कोणीही सज्ञान माणूस चालेल, बिल्डिंगमधला आण, असे मी रेकाला सांगितले होते. तिने लास्लो साबोंना आणले. सुनेला मी साधी समजत होतो, हीही माझी चूकच.

साक्षीदाराने मजकूर वाचावा असा नियम नाही. पण सुलभावहिनी हातात आलेला कागद न वाचता खाली ठेवणाऱ्यातल्या नाहीत. सातव्या कलमाशी त्या थांबल्या. लास्लोंनी काय झाले म्हणून विचारले. त्या त्यांना म्हणाल्या, “अंकल, ये बोल रहे हैं, मरने के बाद भी आप लोगों को नहीं बताना. शरम आती है इनको.” इथे इतकी वर्षे साइटवर काढलेल्या माणसाला हिंदी कळते, हे मला माहीत असायला हवे होते.

मला वाटले, ते माझी समजूत काढतील. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी विचारले, “मिस्टर सिरिल, तुम्हाला कोणी वाजवली होती ही टाळी?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. जोसेफिनलाही मी कधी सांगितले नव्हते. मी त्यांना मंडप, बाक, क्रिस्टोफर, सगळे सांगितले. बोलताना माझा आवाज बिघडला आणि मला त्याचीही लाज वाटली. मग लास्लो म्हणाले, “खलास. आता माझं ऐका. त्या दिवशी आमची टाळी अर्धी राहिली. वर्षभर आम्ही ती तशीच हातात धरून बसलो आहोत. मुलीला घेऊन या. आम्हाला ती पुरी करायची आहे.” सुलभावहिनी डोळे पुसत म्हणाल्या, “आणि व्हिडिओ मी ह्यांच्या फोनमधून केव्हाच काढून टाकलाय, भाऊजी. ज्यांना पाठवला त्यांचं मात्र मी काही करू शकत नाही.”

सबब मी याच बैठकीत, साक्षीदारांच्या समक्ष, खालील बदल करतो.

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकिलाने बजावले आहे. म्हणून कलम ३ मधला स्क्रू मी लास्लोंच्या हातात आत्ताच दिला. साक्षीदाराच्या नवऱ्यालाही काही देता येत नाही, असेही वकील म्हणतो. त्यामुळे कलम ५ निकामी झाले आहे आणि भानुदासने पातेले घासून परत करावे.

कलम ६ मी खोडले आहे. झोफी चार वाजता शाळेतून येते. गज मी स्वतः देईन.

कलम ७ मी खोडले आहे. हंगेरियन मंडळींना कळवावे. झोफीची इच्छा असेल तर तिने मिस्सेत वाजवावे, नसेल तर कोणी आग्रह करू नये. ते लोक त्यांच्या पद्धतीने टाळ्या वाजवू लागले तर फादरनी घाबरून त्यांना थांबवू नये. आणखी एकदा, ही त्यांची मागणी मला तेवढी पुरी करता येणार नाही.

शनिवारी मी जाणार आहे. लाज गेलेली नाही, ती बरोबर येईल आणि बहुधा शेजारच्या खुर्चीवर बसेल. मी पाहुण्यांच्या दाराने आत जाईन. लास्लो सांगत होते, ही टाळी कोणी सुरू करत नाही. जो तो आपापली वाजवत असतो आणि मग ती जुळते. कोणापासून जुळली ते कधीच सांगता येत नाही. भुईगावात मला ते सांगता आले होते आणि मी जन्मभर तेवढेच लक्षात ठेवले. शनिवारी मला ते शोधायचे नाही. त्या टाळीत माझेही दोन हात असतील.

ठिकाण: अल कुसैस, दुबई
तारीख: १५ मे २०२५, गुरुवार

मृत्युपत्र करणार:
सिरिल बावतीस तुस्कानो (सही)

साक्षीदार. सिरिल तुस्कानो यांनी आमच्यादेखत सही केली, आणि कलम ६ व ७ आमच्यादेखत खोडली:

१. सुलभा भानुदास म्हात्रे, करामा (सही)
२. साबो लास्लो, दुबई (सही, त्यांच्याकडे आडनाव आधी लिहितात, ते तसेच राहू द्यावे)