वरचा मजला वापरण्याबाबत

मी, मारिया इदालिना सिल्वेरा, वय वर्षे चौसष्ट, अविवाहित, राहणार साओ जॉर्ज बेट, आझोर्स, पोर्तुगाल, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, अक्षर वाकडे येते ते संधिवाताने, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझा धाकटा भाऊ अमारो सकाळपासून दोनदा म्हणून गेला, "ताई, आत्ताच काय घाई आहे?" टोरांटोत असताना केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. ते लिहिताना मी फार गोड बाई होते.

कलम १. समुद्राकडे तोंड असलेले दुमजली घर, खालच्या तळघरातील स्वयंपाकघरासह, मी स्वकष्टाच्या पैशातून बांधले आहे. त्यावर कोणताही बोजा नाही.

हे घर कसे उभे राहिले ते लिहिणे मला आवश्यक वाटते. आंग्रा शहरातील नन्सच्या शाळेत मदर इनेस यांनी मला फ्रेंच, भरतकाम आणि जिना चढताना स्कर्ट कसा धरावा हे शिकवले. त्या शाळेतला मेणाचा आणि लिंबाच्या पानांचा वास अजून मला आठवतो. पुढे वडील गेले, अमारो लहान होता, आणि मी टोरांटोला जाऊन कचेऱ्यांच्या फरशा पुसल्या. राहायला एका घराचे तळघर होते. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसत. तिथे पडल्या पडल्या मी मनातल्या मनात आईला या घराच्या वरच्या खोलीत झोपवत असे. खिडकी उघडी, समोर पाण्यापलीकडे पिकोचा डोंगर, अंगावर मी पाठवलेले ब्लँकेट. त्या एका चित्रावर मी अडतीस वर्षे काढली.

अडतीस वर्षांनी परत आले, तेव्हा वरच्या पलंगाच्या गादीवर दुकानातले प्लास्टिक तसेच होते.

आमच्याकडची रीतच अशी आहे. परदेशी गेलेल्याच्या पैशाने वरचा मजला बांधायचा, तो त्याच्यासाठी बंद ठेवायचा आणि घरच्यांनी खाली राहायचे. दुसऱ्यांच्या घरी ही रीत पाहून मी हसले होते. आपल्या घरी असे काही असेल हे मनातही आले नाही, कारण प्रत्येक फोटोत आई वरच्या सोफ्यावर बसलेली असे. फोटो झाला की ती खाली जाई, हे मला शेजारच्या झुल्मिराने सांगितले. "चर्चमध्येसुद्धा कोणी पायातलं काढत नाही, इदालिना. तुझी आई वर केर काढायला जाताना काढायची." आई तळघरात ओल्या भिंतीला लागून झोपत राहिली आणि छातीत कफ भरून, मी परतण्याआधीच, तिथेच गेली.

मी अमारोला जाब विचारला.

"तीच ऐकत नव्हती. म्हणायची, ती खोली इदालिनाची."

"आणि तू काय म्हणायचास?"

"मी काय म्हणणार? आणि अगदीच बंद नव्हती काही. पवित्र आत्म्याचा मुकुट आपल्याकडे आला, तेव्हा आठवडाभर उघडली होती की."

पवित्र आत्म्याच्या सणाआधी ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते, त्याच्या घरी चर्चचा चांदीचा मुकुट सगळ्यात चांगल्या खोलीत ठेवतात. म्हणजे मुकुट त्या खोलीत सात रात्री राहिला. आई एकही नाही.

कलम २. कपाटातील, मी कॅनडातून पाठवलेली लोकरीची ब्लँकेटे, रिबिनी न सोडलेली, अमारोला द्यावीत. ती पाहून मी विचारले होते, "ही कोणासाठी ठेवलीस?" तो म्हणाला, "तू येशील तेव्हा म्हणून." कॅनडात ब्लँकेटे मिळत नाहीत अशी त्याची समजूत असावी. रिबिनी त्याने माझ्या दफनाच्या दिवशीच सोडाव्यात आणि ब्लँकेटे अंगावर घ्यावीत.

कलम ३. झुल्मिराला माझी भरतकामाची कात्री द्यायची होती. पण ती साक्षीदार असल्याने कायद्याने देता येत नाही. "मेल्यावर कात्री देण्यापेक्षा आत्ता कॉफी दे," असे तिचे म्हणणे. कॉफी दिली आहे. कात्री चर्चच्या शिवणवर्गाला जावी.

कलम ४. अमारोची मुलगी तेल्मा येत्या सप्टेंबरात टोरांटोला जाणार आहे, तेथील एका वृद्धाश्रमात कामाला. मागच्या आठवड्यात अमारोने अंगणात सिमेंटचे ब्लॉक आणून टाकले. तेल्मासाठी आणखी एक खोली बांधायची, तिच्याच पगारातून, हळूहळू.

"आणि तोवर तिनं झोपायचं कुठं?" मी विचारले.

"तिकडेच की. इथं असणार आहे का ती?"

हे त्याने अगदी प्रेमाने सांगितले. त्यामुळे पुढील मजकूर मी आज लिहीत आहे, उद्यावर ढकलत नाही.

संपूर्ण घर मी तेल्माला निर्वेध मालकी हक्काने देते. तिने राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. अमारोला हयातभर राहण्याचा हक्क असेल, मात्र फक्त वरच्या मजल्यावर. तळघरात बटाटे ठेवावेत. ब्लॉक माझे नसल्याने ते मला कोणाला देता येत नाहीत, परंतु माझ्या जमिनीवर ते रचू नयेत. तेल्मा गेली, तर तिच्या नावाने एकही पलंग राखून ठेवू नये. ती आली की कोणीतरी सरकून जागा करावी.

अमारो म्हणतो, मी मुलीचे कान भरते. मी तेल्माला स्वयंपाकघरात बसवून हे कलम तिच्यासमोर वाचले, एवढेच.

ती म्हणाली, "आत्या, घर आहेच, तर मग मी जाऊ कशाला?"

"तुला जायचं असेल तर जा. आमच्यासाठी जाऊ नकोस."

"बाबांनी तिकीट काढलंय."

"मग बाबांना पाठव."

ती हसली, मग बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा करत बसली. शेवटी म्हणाली, "विचार करून सांगते."

आमच्या घरातल्या बाईला हे वाक्य बोलायला मिळालेले मी प्रथमच ऐकले. तिचे उत्तर अजून आलेले नाही. कोणीही तिला ते विचारू नये, ही माझी शेवटची सूचना आहे. आणि उत्तर काहीही आले तरी वरील कलम तसेच लागू राहील.

वाचून, समजून, प्रत्येक पानावर सही केली.

वेलास, साओ जॉर्ज
३ ऑगस्ट २०१८

मारिया इदालिना सिल्वेरा

आमच्यासमोर सही झाली:
१. झुल्मिरा दा कुन्या, शेजारीण
२. लिबेरियो आझेवेदो, निवृत्त पोस्टमन