निळ्या खुर्चीची उजवी कड

बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, रागावू नका. जेवण झाकून ठेवलंय. मी कापड आणायला जातेय, चारपर्यंत येईन.

वकीलबाईंच्या निळ्या खुर्चीच्या पाठीला काल तुम्ही मागून कापड लावलंत. कड आत खोचायची आणि पत्र्याची दातेरी पट्टी ठोकून मिटवायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. उजवीकडे ती मिटलेलीच नाही. गेल्या तीन खुर्च्यांचंही असंच झालं होतं. तुम्ही दुपारी आडवे झालात की मी पट्टी उचकटून पुन्हा बसवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे हो," आणि तुम्ही माझ्याकडे बघून मिशीत हसायचात. मग मी सांगायचं पुढच्या खुर्चीवर ढकलायचे.

डोळे दाखवू या म्हटलं की तुम्ही बल्बला नावं ठेवता. बल्ब मी दोनदा बदललाय.

डॉक्टरांनी साडेपाचला बोलावलंय. येणार की नाही, ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी खुर्चीजवळ जा. या वेळी मी काहीच दुरुस्त केलेलं नाही. उजव्या कडेवरून एकदा हात फिरवून बघा.

हळू फिरवा. दात बाहेर आहेत.