दोन घोटांचा मान

७ फेब्रुवारी, सकाळ

टण्ण! आज जाग आली ती या आवाजाने. आवाज आजचा नाही, साठ वर्षांपूर्वीचा आहे. आमच्या मर्गिलान शहराच्या बाजारात वडील प्याला विकत घेताना तो तळहातावर धरायचे आणि नखाने टिचकी मारायचे. अखंड प्याला गायचा. तडकलेला नुसता खोकायचा. उठून बसलो. म्हटलं, होलमिर्झा, ही खूण आहे. आजपासून रोजनिशी. आजपासून धंदा.

धंदा तसा आहेच. 'सनोबर चहा'. हिरव्या चहात वाळवलेल्या जर्दाळूच्या फोडी, त्यांचं प्रमाण माझ्या बायकोने, सनोबरने ठरवलेलं. ती होती तोवर खपायचा. ती गेल्यापासून चहा तोच आहे, मीही तोच आहे, फक्त ग्राहक नाहीत. कारण उघड आहे. प्रसिद्धी नाही.

मुलगी मुकद्दस काल म्हणाली, बाबा, नवरोजपर्यंत नवीन ग्राहक आले नाहीत तर दुकान तोख्तासिनकाकांना गोदामाला देऊन टाकू. तोख्तासिन म्हणजे समोरचा, पंच्याण्णव नंबरवाला. इकडे चहाला लोक नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात, आणि हा माणूस तो पंच्याण्णव पोत्यापोत्याने विकतो. सनोबरचा चहा जिथे मांडलाय, तिथे त्याची पोती? नवरोज एकवीस मार्चला. भरपूर वेळ आहे.

८ फेब्रुवारी

फळ्या हलवल्या. डावीकडचा माल उजवीकडे. प्रकाश चांगला पडतो.

९ फेब्रुवारी

उजवीकडचा परत डावीकडे. ऊन लागतं.

दुपारी मोठी कल्पना सुचली. प्रत्येक पॅकेटवर कविता! चाळीस वर्षं शाळेत कविता शिकवली ती काय उगाच? बसल्या बैठकीला लिहिली:

वाफेमधुनी वाट निघाली, वाटेवरती ती नव्हती,
गार होत गेला प्याला अन् सांज उगाचच ती होती.

स्वतःच्या हाताने पॅकेटांवर लिहायला घेतली. अक्षर अजून वळणदार आहे.

१२ फेब्रुवारी

प्रतिसाद उत्तम. लोक पॅकेट उचलतात, वाचतात, सुस्कारा टाकतात आणि जागेवर ठेवतात. साहित्याची भूक अजून आहे. समोरच्या कसायाने विचारलं, मास्तर, यात चहा आहे का नुसतं रडणं? मग म्हणाला, नंबर किती याचा? मी म्हटलं, काव्याला नंबर नसतो. मग नको, म्हणाला. विकत असं कुणी घेतलं नाही. पण बीज पडलं.

१५ फेब्रुवारी

मुकद्दस म्हणाली, बाबा, कविता पुरे, लोकांना चव द्या. फुकट प्यायला घाला, आवडला तर घेतील. मी म्हटलं, हे मी आधीच ठरवलं होतं. (आज सकाळीच मनात येत होतं.)

मग ती म्हणाली, आणि प्याला भरून द्या हं. मी हादरलो. भरून? लोकांना? ती म्हणाली, तुमच्या दोन घोटांत कुणाला काय कळणार? काय काळ आलाय! दाराशी आलेला माणूस पाहुणा. पाहुण्याच्या प्याल्यात तळ झाकेल इतकाच चहा, म्हणजे त्याने पुन्हा मागावा, आपण पुन्हा उठावं, पुन्हा ओतावं. यातच मान. काठोकाठ भरला म्हणजे 'पी आणि चालू लाग'. ग्राहक मिळवायला बसलो आहोत की हाकलायला? हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांनी मागितलं तर पुन्हा ओताल ना? म्हटलं, अर्थात. अडचण एवढीच की दुकानात आलेला भिडेने मागत नाही.

१७ फेब्रुवारी

उद्घाटन. पहिला प्याला तीनदा किटलीत परत ओतला, रीत पाळली. जुने विद्यार्थी आले. आता सगळ्यांना पोटं सुटली आहेत. मला बघून उभे राहिले, दोन घोट घेतले, छातीवर हात ठेवला, गेले. डोळे भरून आले. पॅकेट मात्र कुणी उचललं नाही. मास्तरांना पैसे कसे विचारायचे, हा संकोच. मलाही पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच. दोन्ही बाजूंनी सभ्यता.

न्हावी युल्दाशला चव विचारली. तो म्हणाला, मास्तर, ओठापर्यंत येते आणि परत जाते. केवढं काव्य! लिहून ठेवलं.

२३ फेब्रुवारी

बसवत नाही. सकाळपासून दार उघडतो, लावतो, उघडतो. पुढच्या गल्लीत लग्न होतं. कविता लिहिलेलं एक पॅकेट, सोबत खडीसाखर, बांधून घेऊन गेलो. लग्नात शंभर माणसं असतात. शंभर माणसं म्हणजे शंभर घरं. मुकद्दस म्हणाली, बाबा, लग्नातल्या भेटी कुणी उघडतं का? तिला धंद्याची दृष्टी नाही.

४ मार्च

अद्भुत घटना! मुकद्दसची नणंद भेटायला आली, नानच्या थप्पीबरोबर आमच्या हातात एक पॅकेट ठेवलं. उघडून बघतो तर 'वाफेमधुनी वाट निघाली'. माझंच अक्षर! चौकशी केली. लग्नघरातून ते वधूच्या मामीकडे गेलं, मामीकडून बाळंतिणीच्या घरी, तिथून नणंदेकडे, तिथून इथे. मुकद्दस डोक्याला हात लावून बसली, म्हणाली, चार घरं फिरलं आणि गाठसुद्धा सुटलेली नाही. मी म्हटलं, वेडे, म्हणजे आपला चहा सगळ्या मर्गिलानात फिरतोय!

१० मार्च

आज संताप. तोख्तासिन आला. आला तो आला, खिशातून टेप काढून भिंत मोजायला लागला. इथे पाच थर बसतील, म्हणाला. सनोबरच्या फळीला हात लावून म्हणाला, ही निघते ना?

मी काही बोललो नाही. संस्कार आहेत. आमच्या भाषेत सांगितलं. मोठा प्याला घेतला आणि काठोकाठ भरला. थेंब बशीत सांडेपर्यंत. दुकानातल्या सगळ्यांनी आपापले प्याले खाली ठेवले. युल्दाशने तर मानच खाली घातली.

आणि हा निर्लज्ज खाली बसला! सगळा प्याला प्यायला. सावकाश. तळाशी फुगलेली जर्दाळूची फोड बोटाने काढून खाल्ली, बोट चाटलं. मग उठला, म्हणाला, बराय मास्तर, आणि गेला. टेप विसरून गेला. इतका उघड अपमानही समजू नये! पोती विकून माणूस पोतं होतो.

१५ मार्च

गर्दी वाढते आहे. निवृत्त मंडळी सकाळीच येतात, नान आणि हलवा घरून आणतात. पोस्टातला जुना कारकून म्हणतो, मास्तर, तुमच्यामुळे घरातून बाहेर पडायला कारण मिळालं. युल्दाश म्हणाला, उद्या जरा पंच्याण्णवच करा की, तोंडाला सवय आहे. हसण्यावारी नेलं. ओळख रुजायला वेळ लागतो. दुकान मात्र पुन्हा सनोबरच्या वेळेसारखं वाजतंय. प्याले, टिचक्या, खोकले. धंदा म्हणजे आणखी काय असतं?

१८ मार्च, दुपार

मुकद्दस आली. मागची फळी बघून तिचा चेहरा उजळला. बाबा, सगळा माल गेला? खरंच? मी म्हटलं, गेला! तिने मला मिठी मारली. मग विचारलं, विकत कुणी नेला? मी म्हटलं, प्रत्यक्ष विकत असं नाही. ती मिठी सोडून स्टुलावर बसली. मग म्हणाली, आईने भरून ठेवलेले डबेसुद्धा उघडलेत? मी म्हटलं, पाहुणे होते गं. नवीन जर्दाळू जूनमध्ये. तोवर चिमूटभर चहा नाही.

तिने रडावं असं मला वाटत नव्हतं. तिने रिकामे डबे एकात एक बसवले आणि उद्या किल्ली देऊन टाकते, म्हणाली.

१९ मार्च

किल्ली दिली नाही. मी लपवली. कुठे, ते लिहीत नाही. मुकद्दस वाचेल.

२० मार्च, सकाळ

मुकद्दसला किल्ली सापडली. तिच्या आईलाही माझी लपवायची जागा अशीच सापडायची.

एका डब्याच्या तळाला चिकटलेला चुरा खरवडून शेवटची किटली केली. निवृत्त मंडळींना दिली. ते म्हणाले, नवरोज मुबारक, आणि सुमलक, नवरोजची गव्हाची खीर, ढवळायला गेले. दुकान रिकामं. मी आणि मुकद्दस. टेबलावर किल्ली. दोघंही तिच्याकडे बघत नव्हतो.

तेवढ्यात दारात टण्ण!

क्षणभर वाटलं, वडील. पाहतो तर तोख्तासिन. हातात स्वतःचा, घरून आणलेला, केवढा तरी मोठा प्याला. मी किल्ली पुढे सरकवली. तो म्हणाला, ती राहू द्या हो मास्तर. त्या दिवशी तुम्ही मला भरून दिलात. का दिलात ते समजलं मला, मी काय पाळण्यातला आहे? पण जर्दाळू तळाला बसतो तुमचा, आणि तुमच्याकडे तळापर्यंत कुणी पोचलंय का आजवर? सगळ्यांना मान देऊन देऊन उपाशी ठेवलंत. घरी गेलो तर माझाच पंच्याण्णव मला गवतासारखा लागायला लागला. बायको म्हणते, दुसरीकडे कुठे पिऊन आलात? तर आता असं करा, माझ्या दुकानात पंच्याण्णवशेजारी हाही ठेवतो. लोकांना मी भरून पाजीन, मला कुठे मान द्यायचाय! सुरुवातीला दोन पोती द्या.

मुकद्दसने माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या फळीकडे पाहिलं. तिच्यावर तोख्तासिनचा विसरलेला टेप होता, बाकी काही नव्हतं.

म्हटलं, आधी बसा तर खरं. पाहुण्याला आधी चहा.

किटली उचलली. हलवून पाहिली. त्याने तो मोठा प्याला पुढे धरला होता, आणि आत उरला होता तो फक्त मानापुरता.