खंडेनवमीच्या फ्लॉप्या

बारामती, १३ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस सा.न. वि.वि.

मी सुखरूप पोचलो, पण जिवात जीव नाही. आमच्या व्हिडिओ गेमच्या पाचही फ्लॉप्या कॉम्प्युटर वाचतच नाही. मी, वैष्णवी आणि सोपान, तिघांचं वर्षभराचं काम त्यांतच होतं. पाण्याखाली जाणाऱ्या गावात आपलं घर शोधणारी मुलगी, ती कुणाला काय विचारते त्यावरून बदलत जाणारी गोष्ट, सगळं. सुट्टीत कॉलेजातली मशीन पुसून कोरी करतात, म्हणून जपायला मी फ्लॉप्या घरी आणल्या होत्या. आता दोघंही माझ्याकडेच बघतात. पुढच्या मंगळवारी बाहेरचे परीक्षक येतील. गेम चालला नाही तर तिघंही नापास. घरी कुणी हात लावला का, खरं कळव.

तुझी माझ्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा नागेश

पळसदेव, १६ ऑक्टोबर १९९७

चि. नागेशास अ.उ.आ.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवताना फ्लॉप्यांचा भाग गाळला. अरे, खंडेनवमीला तू मळ्यात होतास. आईनं कोयता, खुरपी, नांगराचा फाळ पूजेला मांडला आणि म्हणाली की नागूची हत्यारं कुठं हायती, ती बी आण. मीच पिशवीतून काढून दिल्या, मोठी शहाणी ना मी! तिनं एकेक फ्लॉपी पाण्यानं धुतली, हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी पदरानं पुसून पाकिटात घातली. पोराला यश दे म्हणून कितीतरी वेळ हात जोडून बसली होती. तिला सांगू का? सांगितलं तर अन्न सोडेल, तुला ठाऊक आहे. वेड्या, तू तरी जेवत जा.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.
तुझी राजेश्वरीताई

बारामती, २२ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस सा.न.

काल संपलं सगळं. आठवडाभर तिघांनी नव्यानं लिहिलं, पण मुलगी वेशीपर्यंतच पोचली. पुढं काय होतं, असं परीक्षकांनी विचारलं तेव्हा पडदा काळा होता. नापास झालो. फ्लॉप्यांवर माझ्या हातून चहा सांडला, असं मी दोघांना सांगितलंय. सोपान नुसता उठून गेला. वैष्णवी म्हणाली की यापुढं माझ्यासोबत ती एक ओळही लिहिणार नाही. ताई, फार रडू येतं गं. कुठं तोंड लपवू कळत नाही. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. खालचं तेवढंच वाचून दाखव.

नागेश

ती. आईस शि.सा.न.

आमचा गेम झकास चालला. परीक्षक खुर्चीवरून उठेचनात. सरांनी लगेच पुढचं काम दिलंय, म्हणून या दिवाळीला मला येता येणार नाही. वाट बघू नकोस. तब्येतीला जप, आशीर्वाद असू दे.

तुझा नागू