साक्षीत नसलेलं नाव

कळंब, जि. धाराशिव
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. शांतवन यास,

दादाचा सप्रेम सलाम. आम्ही इकडं सगळे ठीक आहोत. तू, एस्तेर आणि लेकरं लातुरात खुशाल असाल. धाकटीचा खोकला थांबला का ते कळव.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू म्हणतोस, "दादा, आपण प्रार्थना करू या." तू प्रार्थना सुरू केलीस की माझं बोलायचं तिथंच राहतं. आज मला शेवटपर्यंत बोलायचंय.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन धाराशिवला नीट झालं. मी आगारातून तीन दिवस रजा काढली होती. पट्टी सोडली तेव्हा मी औषधांची पिशवी घेऊन तिच्या अगदी समोर उभा होतो. डॉक्टर म्हणाले, "काय आजी, दिसतंय का?" तर आई म्हणाली, "माझ्या ल्येकाचा व्हिडिओ लावा, मग सांगते." नर्स हसली, मीही हसलो. तुझ्या वहिनीनं, करिश्मानं, मोबाइलवर तुझी सभेतली साक्ष लावून दिली. आई म्हणाली, "दिसतंय की. शर्टाच्या गुंड्यासुदिक दिसायल्यात." मी कोणत्या रंगाचा शर्ट घातलाय ते तिनं तोपर्यंत पाहिलंही नव्हतं.

तू म्हणशील, दादा अजून लहान पोरासारखा रुसतो. रुसतो, बाबा. पंचेचाळीस वर्षांचा झालोय तरी रुसतो. तू चर्चचा पाळक झाल्यापासून तुझ्याबद्दल बोलताना आई "आमचे पाळक आले, पाळक जेवले" असं म्हणते. मी सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर असतो, तर मी अजून पभ्या. तू वर्षातून चारदा येतोस आणि त्या दिवशी कोंबडी आणायला पभ्याच जातो.

आता त्या साक्षीबद्दल.

जानेवारीत कळंबला उज्जीवन सभा झाली तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. माझा वाहक रामकिसन शेजारी बसला होता. तो आपल्यातला नाही. माझा भाऊ केवढा झालाय ते दाखवायला मीच त्याला ओढून आणलं होतं. तू सांगितलंस, तरुणपणी दारू प्यायचो. एका लग्नातून येताना दिवस मावळायच्या वेळी येरमाळ्याच्या अलीकडं मोटरसायकलीनं एका वाटसरूला उडवलं. त्याला तसंच टाकून पळालो. "मी एकटाच होतो," असं म्हणालास. "तिथं दुसरं कुणी नव्हतं. पाप माझं एकट्याचं." मग तुला रडू आलं. मंडपातल्या बायका रडल्या. आई तर पदर तोंडाला लावून हलत होती. तू म्हणालास, "माणूस अपूर्ण आहे, पण देवाची कृपा पूर्ण आहे." टाळ्या वाजल्या. सगळे उभे राहिले म्हणून मीही उभा राहिलो.

खरं लिहितो, मला त्या वेळी तुझा हेवा वाटला. चूक तूच केलीस, आणि त्या चुकीवर टाळ्याही तुलाच. मी चौदा वर्षं एसटी चालवतोय, एकदाही अपघात नाही. त्याला कुणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला रामकिसन केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "प्रभुदासदादा, भाऊ लई भारी बोलतो तुमचा. पर एक इचारू का? राग नका मानू."

"विचार की."

"त्या उडिवलेल्या माणसाचं फुडं काय झालं? ते काय बोलला न्हाय त्यो."

मी गिअर बदलला. तो म्हणाला, "तुमच्यात बरं हाय. माणूस कच्चाच म्हणायचं, चार लोकांत रडायचं, की झालं मोकळं. आमच्यात आसं न्हाय सुटत लवकर."

मला राग यायला पाहिजे होता. आपल्या मंडळीला कुणी असं बोललेलं मी एरवी ऐकून घेत नाही. पण आतून बरं वाटलं. मला जे म्हणायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी म्हटलं होतं. एवढ्यात येरमाळ्याचा थांबा आला आणि तिथं नेहमीप्रमाणं कोंडीराम उभा होता.

कोंडीराम म्हणजे तोच माणूस, शांतवन. ज्याला आपल्या गाडीनं उडवलं तो.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. अकरा वर्षं तो माझ्या गाडीत बसतोय. येडेश्वरी देवीच्या डोंगराच्या पायथ्याला त्याचं नारळाचं आणि ओटीच्या सामानाचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा, सोमवारी, माल भरायला तो कळंबला येतो. उजवा पाय वाकडा जुळलेला, काखेत कुबडी. पहिल्या वर्षीच त्यानं चढता चढता सांगितलं होतं, कळंब रोडच्या वळणावर कडब्याचं ओझं घेऊन चाललो होतो, एका फटफटीनं उडवलं. वळण सांगितलं, साल सांगितलं. मी ओळखलं. तेव्हापासून तो दिसला की मी गाडी अगदी त्याच्या पायाजवळ लावतो. तो बसून कुबडी नीट ठेवेपर्यंत गिअर टाकत नाही. मागचे लोक ओरडतात, ओरडू देतो. तो उतरताना दर वेळी म्हणतो, "डायवरसाहेब, तुमी देवमाणूस हाव." दसऱ्याला मला नारळ देतो. मी ते घेत आलो.

आईचं ऑपरेशन झालं आणि त्या व्हिडिओनंतर माझ्या डोक्यात एकच घोळू लागलं. तुझी साक्ष दहा गावांत पोचली, पण ज्याचा पाय गेला त्याच्या दारात तू एकदाही गेला नाहीस. मनात म्हटलं, आता कोंडीरामलाच जाऊन सांगावं, ज्याच्यासाठी लोक रडतात तो पाळक म्हणजे तुझा पाय मोडणारा माणूस. मग बघू किती टाळ्या वाजतात. भाऊ म्हणून मी हे करायला नको होतं, ते मला कळत होतं. तरी मागच्या रविवारी उपासना चुकवून मी येरमाळ्याला गेलो. करिश्माला म्हणालो, आगारात काम आहे.

कोंडीरामला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! "इरम्मा, बघ कोण आलंय! आपले डायवरसाहेब!" त्याची बायको इरम्मा नळदुर्गाकडची, कमी बोलते. तिनं पोतं झटकून अंथरलं, चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "कोंडीरामभाऊ, तुमचा पाय कुणी मोडला ते मला माहीत आहे."

तो शांतपणे म्हणाला, "मलाबी ठाव हाय. लातूरचा पाळक. शांतवन नाव त्याचं."

मी कप खाली ठेवला.

तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. सहा वर्षांपूर्वी तू गाव धुंडाळत त्याच्या दारात आलास. पाया पडलास. म्हणालास, चला, पोलिसात माझं नाव सांगा, मी बरोबर येतो. तो म्हणाला, आता काय उपेग. पहिले दोन वेळा इरम्मानं तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तू तिसऱ्यांदा आलास. सोलापूरला पाय दाखवायला नेलंस, डॉक्टर म्हणाले उशीर झालाय. आणि चैत्रातल्या जत्रेत, गर्दीत त्याला उभं राहवत नाही म्हणून, दरवर्षी तू दुकानावर बसतोस. इरम्मा पहिल्यांदाच हसून म्हणाली, "नारळ निवडायला लई हुशार हाय त्यो. हालवून पाणी वळकतो." ख्रिस्ती पाळक देवीच्या जत्रेत नारळ विकतो! तुझ्या मंडळीला कळलं तर काय म्हणतील, म्हणून तू कुठं बोलला नाहीस, असंही कोंडीराम म्हणाला. पण मला वाटतं, त्यातही तुला टाळी नको होती.

मी बसल्या जागी जळालो, शांतवन. तुला मातीत ओढायला गेलो होतो, तर तिथंही तू माझ्या सहा वर्षं आधी पोचलेला.

मग कोंडीराम म्हणाला, "पर एक गोष्ट त्यो खोटं बोलला. म्हणला, मी एकलाच हुतो. म्या म्हणलं, बरं. पर म्या खाली पडलो तवा दोन आवाज ऐकलते. एकजण म्हणत हुता, आरं उतर, माणूस हाय. आन् दुसरा म्हणला, बस गाडीवर, गप बस. त्यो दुसरा कोण, ते म्या त्याला इचारलं न्हाय. त्यो कुणालातरी वाचवायलाय, तर वाचवू दे म्हणलं."

इथपर्यंत आलोय तर आता लिहितोच. आपल्यात याबद्दल चौदा वर्षांत एक शब्द झालेला नाही. तू गाडी चालवत होतास, तू प्यायला होतास, हे खरं. पण तू थांबलास. तू उतरलास. त्याच्याजवळ जाऊन वाकलास. मी एक थेंब प्यायलो नव्हतो. आठ दिवसांनी मला एसटीत हजर व्हायचं होतं आणि केस झाली की नोकरी गेली, एवढंच मला दिसलं. मी तुझी कॉलर धरून तुला मागं ओढलं, मागच्या सीटवर बसवलं आणि हँडल माझ्या हातात घेतलं. तू घर येईपर्यंत रडत होतास आणि मी तुला गप बस म्हणत होतो.

तू मला वाचवायला "एकटाच होतो" म्हणालास, हे मला कळतं. पण सभेत ते वाक्य ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते तुला कळणार नाही. पाप तू सगळं तुझ्याकडं घेतलंस, त्याबरोबर माफीही सगळी तुझ्याकडं गेली. जो तिथं नव्हताच त्याला देव तरी कशाची माफी देणार? आणि रामकिसन म्हणाला ते तुला लागूच पडत नाही. ते मला लागू पडतं. माणूस अपूर्ण आहे हे तू मंडपात एकदा म्हणालास, मी ते चौदा वर्षं दर प्रभुभोजनाला मनात म्हणत आलोय. भाकर घ्यायच्या आधी म्हणायचं, प्याला घ्यायच्या आधी म्हणायचं, आणि सोमवारी कोंडीरामसाठी गाडी जरा जास्त वेळ थांबवायची. तेवढ्यावर माझं भागत होतं.

मी कोंडीरामला सांगितलं. "दुसरा मी होतो," एवढंच म्हणता आलं.

त्यानं आधी ऐकलंच नाही असं वाटलं. मग त्यानं कुबडी जवळ ओढली आणि नुसता तिच्यावरून हात फिरवत राहिला. इरम्मानं माझ्यासमोरचा चहा उचलून मोरीत ओतला. मी म्हणालो, "भाऊ, मला माफ करा. चुकलो. माणूस आहे..." पुढं मला बोलता आलं नाही. माझंच वाक्य माझ्या कानाला घाण वाटलं.

कोंडीराम म्हणाला, "त्या पोराला माफ करणं सोपं गेलं. त्याला म्या वळखतच नव्हतो. तुमाला म्या वळखतो. अकरा वर्सं तुमाला देवमाणूस म्हणलो म्या. तुमी ऐकून घेतलं."

"मला भीती वाटत होती."

"व्हय, वाटली आसंल," तो म्हणाला. "जावा आता."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी उठलो, आणि त्याच्याकडं न बघता बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, येरमाळ्याला तो थांब्यावर होता. मी गाडी नेहमीच्या जागी, त्याच्या पायाजवळ लावली. रामकिसननं दार उघडून हात पुढं केला. कोंडीराम म्हणाला, "मागच्या गाडीनं येतो." मागची गाडी दीड तासानं होती. रामकिसन मला म्हणाला, "काय झालं ओ ह्याला?" मग डेपोत चहा पिताना मी रामकिसनला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "आरारा." त्यानंतर तो तुमच्यात-आमच्यात असं काही बोलला नाही. करिश्माला मी त्याच दिवशी सांगितलं. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

आता माझं मागणं. पुढच्या रविवारी, दोन तारखेला, कळंबच्या मंडळीत मी उभा राहणार आहे. पाळकसाहेबांना विचारलंय. कोंडीरामचं नाव मी घेणार नाही, ते त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा मला हक्क नाही. माझं घेणार. अपूर्णतेचं वाक्य मी म्हणणार नाही. काय केलं तेवढं सांगून बसणार. तू यावंस असं मला वाटतं. पण आलास तर मागं बस. पुढं येऊन मला मिठी मारू नकोस आणि रडू नकोस. तू रडलास की लोक तुझ्याकडंच बघतील. यानंतर तू जिथं जिथं साक्ष देशील तिथं "आम्ही दोघं होतो" म्हण. माझा वाटा मला दे. तो तुझ्याकडं ठेवून मला वाचवू नकोस.

चैत्राच्या जत्रेला तू नारळावर बसशील तेव्हा कोंडीरामला एवढंच विचार, प्रभुदासनं ओझी उचलायला आलेलं चालेल का. नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नकोस.

आईला मी या आठवड्यात सांगणार आहे. उजव्या डोळ्याची तारीख मिळायची आहे, पण तोवर थांबत नाही. ती काय म्हणेल ते म्हणो. हे पत्र वाचून लगेच तिला फोन लावशील, मला माहीत आहे, दादाला सांभाळून घे म्हणशील. लावू नकोस. सगळीकडं तू माझ्या आधी पोचलास. आईपाशी तरी हे घेऊन मला आधी जाऊ दे.

तुझाच, आणि त्या दिवशी तुझ्याबरोबर असलेला,
प्रभुदास