घट्ट झाकण

ग्राट्स, २८ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही हातांना लेंचेचा मुका. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं.

तुझं पत्र वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. यंदा ऐवरच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला अंगणात चूल पेटवलीच नाहीस म्हणे! "सोलायला माणसं आहेत कुठे? सगळी तुझ्यासारखी तिकडे," असं लिहिलंस, आणि दुकानातून ऐवरची परदेशी बरणी आणलीस.

सोनेरी कोंबड्याचं चित्र आहे ना तिच्यावर? आई, ती आमच्याच कारखान्यातली. गेल्या महिन्यात मिरच्यांचा ट्रक आला, तर पोत्यांना आपल्या गावची निळी दोरी, आणि बाबा मारायचे तशी दुहेरी गाठ. मी तिथेच रडले. आपल्याकडच्या बिटोला शहराची झोरा कामावर माझ्या शेजारी उभी असते. ती म्हणाली, "रडतेस काय, वेडे? आपला देश विकतो थोडं, आणतो फार, असं टीव्हीवर रोज सांगतात. ते हेच, मिरच्या स्वस्तात जातात, बरण्या महाग होऊन येतात!" मी डोळे पुसले. बरण्या पुढे सरकतच होत्या.

तुझी बोटं सकाळी अजून आखडतात का? खरं सांग.

बरणी उघडत नसेल तर जोर लावू नकोस, शेजारच्या त्रायांका मावशीला हाक मार. यंत्रातून सैल सुटलेली झाकणं मीच आवळते. तुझ्या घरी जाणार हे ठाऊक असतं, तर ते झाकण जरा हलक्या हातानं लावलं असतं.

तुझीच,
लेंचे