उरलेली त्रेचाळीस काडतुसं

प्रिय आई,

माझी दहाही बोटं शाबूत आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

इथे मोंटानात सासरेबुवा गॅरेजमध्ये शिसं वितळवून पिस्तुलाच्या गोळ्या ओततात, काडतुसं स्वतः भरतात आणि शनिवारी चाचणी जावयाकडून करून घेतात. काल बार नुसता फुसकन वाजला.

"थांबलास का? पुढचा झाड!" सासरेबुवा ओरडले.

मी पिस्तूल रिकामं करून पाहिलं, तर गोळी नळीतच अडकलेली! पुढच्या बाराला पिस्तूल हातातच फुटलं असतं.

"तुझ्या बडबडीत दारू भरायची राहिली," सासरेबुवा म्हणाले.

त्याच डब्यातली त्रेचाळीस काडतुसं उरलीत. नको म्हणावं, तर तुझी सून रोझॅन म्हणते, "बाबांचं मन मोडशील." तेव्हा शनिवारच्या आत गुडघा जरा बिघडव आणि मला बोलावून घे.

तुझा, अजून अखंड,
हार्लन